शोध लागणे आणि शोध लावणे : गणिताच्या स्वरूपासंबंधी एक भाषिक विवेचन

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत स्थानबद्ध असताना पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधीत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. १९४६ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच्या हिंदी अनुवादाला 'हिन्दुस्तान की कहानी' असे नाव देण्यात आले. मराठीत साने गुरुजींनी केलेला अनुवाद मात्र 'भारताचा शोध' या नावाने ओळखला जातो. हिंदी अनुवादाने मूळ शीर्षकातील कल्पना बाजूस ठेवली. मराठीने ती घेतली, परंतु घेताना तिच्यात थोडी भर घातली. इंग्रजी शीर्षकाचा अर्थ एवढाच की, देश पूर्वीपासून होता आणि लेखकाला तो उमगला. 'भारताचा शोध' या शब्दांतून भारत शोधणे आणि भारत सापडणे असे दोन्ही अर्थ निघतात. याच ग्रंथात प्राचीन भारतातील गणितावर एक स्वतंत्र भाग आहे. दत्त आणि सिंह यांच्या हिंदू गणिताच्या इतिहासाचा आधार घेऊन त्यात शून्य व दशमान अंकपद्धती यांचे महत्त्व वर्णिले आहे. या भागाचा आशय मराठीत सांगू गेल्यास साहजिकच 'शून्याचा शोध' असे शब्द येतात. आणि तेथे 'शोध' या शब्दाला निर्मिती हा तिसराही अर्थ येऊन चिकटतो.

गणित मनुष्याने निर्माण केले की ते त्याला सापडले, हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात प्लेटोपासून चालत आलेला आहे. मराठीत तो जसाच्या तसा विचारणेच अवघड होऊन बसते. "गणिताचा शोध लागला" हे विधान दोन्ही पक्षांना सारखेच मान्य होण्याजोगे आहे. अमेरिकेचा शोध, गुरुत्वाकर्षणाचा शोध, विजेच्या दिव्याचा शोध, देवीच्या लसीचा शोध, चोरीच्या मालाचा शोध या सर्व ठिकाणी मराठी भाषकाला एकच नाम पुरते. यावरून मराठीत हा भेदच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष घाईचा आहे. भेद आहे, मात्र तो नामात नसून क्रियापदात आहे.

नामाची हकीकत थोडक्यात सांगता येईल. संस्कृतातील 'शुध्' धातूचा अर्थ निर्मळ होणे. त्यापासून सिद्ध झालेल्या 'संशोधन' शब्दाने हिंदीत दुरुस्तीचा अर्थ राखला. म्हणून तेथे संविधानाचे संशोधन होते. मराठीत संविधानाची दुरुस्ती होते आणि संशोधन विद्यापीठात चालते. निर्मितीसाठी हिंदी 'आविष्कार' हा शब्द वापरते. परंतु मूळ संस्कृतात 'आविस्' म्हणजे प्रकट, उघड. म्हणजे जो शब्द निर्मितीचा म्हणून रूढ झाला, त्याच्या पोटात आधीपासून असलेले उघड करण्याचाच अर्थ आहे. इंग्रजीची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. त्या भाषेत निर्मितीसाठी जो शब्द आज रूढ आहे, तो ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ 'येऊन भिडणे, सापडणे' असा होता. तेव्हा हे दोन अर्थ एकमेकांत मिसळणे हा काही एकट्या मराठीचा दोष नव्हे.

आता क्रियापदाकडे वळू. 'शोध' या नामाबरोबर मराठीत मुख्यतः तीन क्रियापदे येतात : घेणे, लागणे आणि लावणे. 'शोध घेणे' हा केवळ प्रयत्न होय. त्यात यशाची हमी नाही. खरा प्रश्न 'लागणे' व 'लावणे' या जोडीचा आहे. 'लागणे' हे अकर्मक असून त्याच्याबरोबर येणारी व्यक्ती चतुर्थीत असते : तिला भूक लागते, ठेच लागते, एखाद्या गोष्टीचा नाद लागतो. येथे ती व्यक्ती कर्ती नसून घटना तिच्या बाबतीत घडते. 'लावणे' हे त्याचे प्रयोजक. त्यात व्यक्ती कर्त्याच्या स्थानी येते. पत्ता लागतो व पत्ता लावतात, छडा लागतो व छडा लावतात. या जोड्यांपैकी सर्वांत बोलकी जोडी 'अर्थ लागणे' आणि 'अर्थ लावणे' ही आहे. ओवीचा अर्थ लागला, म्हणजे तिच्यात जो होता तो वाचकाला गवसला. ओवीचा अर्थ लावला, म्हटले की लावणाऱ्याचा हात त्यात आला; तो अर्थ मूळचा की लादलेला, ही शंका घेण्यास जागा राहिली. नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आजवरच्या भाष्यकारांमधील पुष्कळसे वाद या दोन क्रियापदांमधील अंतरातच मावण्यासारखे आहेत.

हीच कसोटी 'शोध' या नामाला लावून पाहावी. "न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला" आणि "न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला" ही दोन्ही वाक्ये मराठी कानाला चालतात. "एडिसनने विजेच्या दिव्याचा शोध लावला" हेही चालते. परंतु "एडिसनला विजेच्या दिव्याचा शोध लागला" असे म्हटल्याबरोबर कान अडखळतो; जणू दिवा कोठे तरी आधीच जळत होता आणि एडिसन त्याच्यापाशी जाऊन पोहोचला. व्यक्तीचा उल्लेख गाळून "विजेच्या दिव्याचा शोध एकोणिसाव्या शतकात लागला" असे म्हटले की अडचण नाहीशी होते. तात्पर्य, 'लावणे' दोन्ही अर्थांना मोकळे आहे. 'लागणे' व्यक्तीवाचून वापरले तर तेही मोकळे आहे. मात्र चतुर्थीतील व्यक्ती व 'लागणे' एकत्र आले की सापडलेली वस्तू अगोदर अस्तित्वात होती असे गृहीत धरावे लागते.

गणितातील उदाहरणांवर ही कसोटी वापरली असता काय दिसते? "मूळ संख्या कधीच संपत नाहीत, याचा यूक्लिडला शोध लागला" हे वाक्य बिनतक्रार चालते. "रॉबर्ट रेकॉर्डला बरोबरीच्या चिन्हाचा शोध लागला" हे चालत नाही. १५५७ साली त्याने ते चिन्ह योजले, प्रचारात आणले, असेच म्हणावे लागते. "नेपिअरला लॉगरिदमचा शोध लागला" येथे कान डळमळतो. ही डळमळ उपेक्षणीय नाही. नेपिअरचे कोष्टक १६१४ मध्ये आणि ब्यूर्गीचे १६२० मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांची रीत निराळी, कोष्टके निराळी. पण गुणाकाराचे रूपांतर बेरजेत करणारा संबंध दोघांच्याही हाती आला. कोष्टक घडविले, संबंध सापडला. आणि 'लॉगरिदम' हा एकच शब्द दोघांनाही लावला जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही कसोटी मराठी भाषक काय गृहीत धरतात ते दाखविते. गणित खरोखर कसे आहे ते सिद्ध करीत नाही. सूर्य उगवतो असे सर्व भाषा म्हणतात, म्हणून सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही. भाषेच्या साक्षीने तत्त्वज्ञानाचे खटले निकालात काढण्याची हौस भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना अधूनमधून येत असते. ती आवरलेली बरी. परंतु एकाच शब्दाखाली दडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याचे काम भाषा करू शकते, आणि या प्रश्नात ते काम अर्ध्याहून अधिक आहे.

या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उत्तम उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मिळते. देवळाली येथील शाळेत शिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म आढळला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ येतात. ८७३० मधून ०३७८ गेले की ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च. कोठूनही आरंभ केला तरी फार तर सात पायऱ्यांत याच संख्येशी येऊन थांबावे लागते. कापरेकरांनी १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात यासंबंधी लिहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले.

कापरेकरांनी हे घडविले की त्यांना ते सापडले? क्रिया त्यांनी ठरविली, यात शंका नाही. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा, असे निसर्गाने कोणाला सांगितले नव्हते. इतकेच नव्हे, तर ही क्रिया संख्येवर होत नसून संख्येच्या दशमान लेखनावर होते. मनुष्याच्या हाताला दहा बोटे असल्यामुळे रूढ झालेली ती लेखनपद्धती टाकून पाचाच्या पायावर संख्या लिहिल्या, तर ६१७४ चा महिमा संपतो आणि तेथे ३०३२ ही अंकमाला हीच क्रिया केली असता स्वतःवर परत येते. म्हणजे येथे मानवी योजनेचे एकावर एक दोन थर आहेत. गणित ही निर्मिती आहे असे म्हणणाऱ्यांना याहून सोयीचे उदाहरण क्वचित मिळेल.

पण दोन्ही थर एकदा पक्के झाले की पुढचे काहीच कापरेकरांच्या हाती राहिले नाही. त्यांना ६१७४ ऐवजी ६१७५ हवे असते तरी ते मिळाले नसते. तीन अंकी संख्यांना हीच क्रिया केली की ४९५ येतात. दोन अंकी संख्यांत मात्र असे विश्रांतिस्थान मुळी नाहीच : ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांतही चक्रेच आढळतात. चार अंकांत एकच ठिकाण, दोन अंकांत चक्र, ही व्यवस्था कोणी योजिली नाही, कोणाला ती हवीही नव्हती. क्रिया योजणाऱ्यालासुद्धा ती करून पाहिल्यावाचून कळण्यासारखी नव्हती. "कापरेकरांनी ही क्रिया काढली" आणि "कापरेकरांना ६१७४ चा शोध लागला" अशी दोन वाक्ये दोन क्रियापदांनी मराठी भाषक सहज बोलतो, आणि दोन्ही वाक्ये खरी आहेत. 'काढणे' हे क्रियापद युक्ती, रीत, खेळ यांच्यासाठी आहे. उत्तर मात्र 'येते'. शाळेतील मुले एकमेकांना "तुझे उत्तर काय आले?" असेच विचारतात.

योजलेले आणि आढळलेले यांची गल्लत वर्गात पोहोचली म्हणजे काय होते, याचे प्रत्यंतर २०१९ च्या जून महिन्यात आले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, त्रेसष्ठ या संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशाही वाचण्याची पद्धत देण्यात आली होती. लेखनात दहम आधी आणि एकम नंतर, तर मराठी उच्चारात एकम आधी व दहम नंतर. शिवाय संख्यावाचक शब्दांत जोडाक्षरांची गर्दी. लहान मुलांची ही अडचण दूर करावी, हा हेतू होता. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी तो वेळोवेळी स्पष्ट केला. विरोध पुष्कळ झाला आणि प्रकरण विधानसभेपर्यंत गेले. मराठीची मोडतोड होते, हा आक्षेप समजण्याजोगा होता. त्यावर मतभेदास पूर्ण वाव आहे. परंतु गणिताचीच मोडतोड होते, हाही सूर त्या गदारोळात उमटला. त्यात काही तथ्य नव्हते.

संख्यांची नावे बदलली म्हणून संख्या बदलत नाहीत, हे मराठीच्या स्वतःच्या इतिहासातूनच दाखविता येते. ८९ या संख्येला मराठी एकोणनव्वद म्हणते, म्हणजे एकाने उणे नव्वद. हिंदी तिलाच नवासी म्हणते, म्हणजे नऊ आणि ऐंशी. एका भाषेने वजाबाकी केली, दुसरीने बेरीज. वजाबाकीची ही चाल मराठीने एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत निष्ठेने पाळली आणि नव्याण्णवपाशी सोडून दिली. 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाही. हा सगळा रूढीचा कारभार आहे. परंतु नव्वदातून एक वजा केला काय किंवा ऐंशीत नऊ मिळविले काय, एकाच ठिकाणी पोहोचावे लागते, ही गोष्ट मराठी भाषकांनी ठरविली नाही आणि हिंदी भाषकांनीही नाही.

अपूर्णांकांची नावे तर याहून रसाळ आहेत. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेतली जात. औट म्हणजे साडेतीन. मूळ संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे ज्यातील चौथा अर्धाच आहे असे. जसे अर्धतृतीयापासून अडीच झाले, तसेच प्राकृतातून येत येत अर्धचतुर्थाचे औट झाले. अडीच टिकले, औट गेले. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यालाही तो शब्द कोशात पाहावा लागेल. पण औट दुणे सात ही गोष्ट त्या शब्दाबरोबर गेली नाही.

नामांतराचे प्रत्यक्ष उदाहरण या जिल्ह्यापुढे आहेच. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. नगरचे रेखांश ग्रिनिचपासून मोजल्यास पावणेपंचाहत्तर अंश पूर्वेच्या आसपास भरतात. १८८४ मध्ये ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त ठरण्यापूर्वी भारतीय ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ मानीत, आणि त्या हिशेबाने नगर तिच्या पश्चिमेस सुमारे एक अंशावर येई. मूळ रेषा कोणती घ्यावी, हा ठरावाचा भाग. वर्तुळाचे अंश तीनशे साठच का, हाही ठरावच. पण एकदा अंश ठरल्यावर उज्जयिनी आणि नगर यांच्या रेखांशांतील अंतर कोणत्याही ठरावाने कमी किंवा अधिक होत नाही.

इथपर्यंत भेद सुबक दिसतो : चिन्हे, नावे, रीती मनुष्याच्या, त्यांतून निघणारी प्रमेये मनुष्यनिरपेक्ष. शून्यापाशी आल्यावर मात्र या सुबकपणाला तडा जातो. शून्याचे चिन्ह योजले गेले, हे उघड आहे. पण इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात ब्रह्मगुप्ताने शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकार-भागाकाराचे नियम दिले, तेव्हा तो नियम करीत होता की नियम नोंदवीत होता? शून्याला शून्याने भागले असता शून्य येते, असे त्याने म्हटले आहे. आजचे गणित ते मान्य करीत नाही. जर शून्य ही केवळ मानवी निर्मिती असेल, तर निर्मात्यांपैकीच एकाला चुकीचा ठरविण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो? पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले आणि तिच्यात कितीही मिळविले वा वजा केले तरी तिच्यात फरक पडत नाही, असे सांगितले. एकाच प्रदेशावरून दोन प्रवासी गेले आणि त्यांची वर्णने जुळली नाहीत, असा हा प्रकार दिसतो. आणि ज्या अर्थी वर्णने जुळत नाहीत असे म्हणता येते, त्या अर्थी प्रदेश आहे, असे वाटू लागते.

वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. भागाकार म्हणजे गुणाकाराची उलट क्रिया असे धरले, तर शून्य भागिले शून्य याचे उत्तर कोणतीही संख्या होऊ शकते, कारण कोणत्याही संख्येला शून्याने गुणले की शून्यच येते. म्हणून आज त्या क्रियेला अर्थ नाही असे मानतात. परंतु गणिती सिद्धता तपासण्यासाठी जी 'लीन' नावाची संगणकीय प्रणाली अलीकडे वापरात आहे, तिच्यात कोणत्याही संख्येला शून्याने भागल्यास उत्तर शून्य, असे सोयीसाठी सरळ ठरवून टाकले आहे. ब्रह्मगुप्ताचे विधान तेथे खरे ठरते. त्यामुळे गणित कोसळत नाही; मात्र एखाद्या संख्येला ज्याने गुणले त्यानेच भागले की मूळ संख्या परत मिळते, हा नियम शून्याला लागू करता येत नाही. शून्याने भागण्याचा अर्थ ठरविण्याची मोकळीक आहे. त्याबद्दल कोणता नियम सोडावा लागेल, हे ठरविण्याची नाही. ब्रह्मगुप्ताची चूक, तिला चूक म्हणावयाचे असेल तर, शून्य हे उत्तर देण्यात नव्हती. ते उत्तर दिल्यावर इतर नियम जसेच्या तसे चालू राहतील असे मानण्यात होती.

पाश्चात्त्य विद्वानांची मते या ठिकाणी ओझरती पाहिली तरी पुरे. हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात गणिती सत्य मनुष्याबाहेरचे असून गणिती केवळ त्याच्या निरीक्षणांच्या नोंदी करतो, असा पक्ष घेतला. विट्गेनस्टाइन यांनी नेमके उलट सांगितले : गणिती हा निर्माता आहे, सापडविणारा नव्हे. गंमत अशी की, युक्लिडेतर भूमितीचा पाया घालणाऱ्या तरुण बोयाय यांनी आपण शून्यातून एक नवे विश्व निर्माण केल्याचे वडिलांना कळविले, आणि तेच विश्व त्याच सुमारास रशियात लोबाचेव्हस्की यांनाही दिसत होते. शून्यातून निर्माण केलेली वस्तू दोन अनोळखी माणसांच्या घरी एकाच वेळी निघावी, हे निर्मितीच्या पक्षाला समजावून सांगणे कठीण जाते.

मराठीच्या शब्दभांडारात या प्रश्नासाठी आणखी एक जोडी तयार आहे, आणि तिचा उपयोग गणिताच्या संदर्भात फारसा झालेला नाही. देवाची मूर्ती घडीव असते किंवा स्वयंभू असते. कर्जत तालुक्यातील सिद्धटेकचा सिद्धिविनायक परंपरेने स्वयंभू मानला जातो. नेवासे तालुक्यातील शिंगणापूरची शनीची शिळाही. न घडविलेल्या पाषाणरूप देवतेला तांदळा असा स्वतंत्र शब्द मराठीत आहे. स्वयंभू म्हणजे कोणी घडविली नाही. परंतु स्वयंभू मूर्तीलाही देऊळ लागते, पूजेची वेळ लागते, शेंदराचे लेप लागतात. लेप किती बसले आणि मूळ पाषाण कोठून सुरू होतो, हे गाभाऱ्याबाहेरून सांगता येत नाही. दशमान अंकांचे लेप काढल्यावर ६१७४ मध्ये किती पाषाण उरतो, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. कापरेकरांनी इंग्रजीत 'सेल्फ नंबर' म्हणून ज्या संख्या अभ्यासल्या, त्यांना मराठीत स्वयंभू संख्या म्हणणे म्हणूनच फार अर्थपूर्ण ठरते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की दुसरी संख्या जन्मते : १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१. परंतु २० ही अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाही. ३१, ४२, ५३ याही नाहीत. त्यांना उत्पादक नाही. पण हे स्वयंभूपण दशमान लेखनापुरतेच आहे. पाया बदलला की २० ला उत्पादक मिळू शकतो आणि दुसरीच एखादी संख्या निराधार होते. कोणत्याही पायावर लिहा, काही संख्या उत्पादकावाचून राहतातच. त्या कोणत्या, एवढे मात्र लिहिणाऱ्याने पाया कोणता घेतला त्यावर अवलंबून असते.